सराव हेही कर्तव्यच



आपले दोंडाईचा मिरचीच्या बाजाराचे गाव. समुद्र येथून पुष्कळ लांब. तरीही समुद्रावर प्राण गमावलेल्या एका लेकीची आठवण आपल्या घराघरांत व्हावी, म्हणून हे चार शब्द.

२४ मार्च २०१५ ची रात्र. गोव्यातील दाबोळीच्या तळावरून सरावासाठी निघालेले नौदलाचे डॉर्नियर विमान समुद्रात कोसळले. वैमानिकास मच्छीमारांनी वाचविले. लेफ्टनंट किरण शेखावत आणि लेफ्टनंट अभिनव नागोरी हे दोघे तरुण अधिकारी मात्र गेले. दोन दिवसांनी समुद्राच्या तळाशी विमानाचा सांगाडा सापडला. किरण त्यातच होत्या.

विमानात त्या निरीक्षक होत्या. रडार पाहायचे, मार्ग सांगायचा, संपर्क राखायचा, हे त्यांचे काम. त्याच वर्षी २६ जानेवारीला दिल्लीच्या संचलनात नौदलाच्या महिला तुकडीत त्या होत्या.

‘लढाई नव्हती, नुसता सराव होता,’ असे कोणी म्हणेल. पण अंधारात समुद्रावर उडायला शिकायचे, तर अंधारातच उडावे लागते. सरावातला मृत्यू हाही कर्तव्यावरचाच मृत्यू.

पुढे २ डिसेंबर २०१९ रोजी शिवांगी नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या. त्यांनाही डॉर्नियरच मिळाले. वाट बंद पडली नाही.

आईच्या पोटातली भीती खरी असते. ती लेकीला जरूर सांगा. पण तिचा अर्ज फाडू नका.

किरण आणि अभिनव यांना विनम्र अभिवादन!