विश्लेषण : ‘एफसी’ की ‘ईफुटबॉल’? नाव मोठे की खेळ?

फोनमध्ये एकाच गेमपुरती जागा उरली असेल आणि फुटबॉलचे वेड असेल, तर प्रश्न ठरलेला असतो : ईए स्पोर्ट्सचा ‘एफसी’ ठेवायचा की कोनामीचा ‘ईफुटबॉल’? कॉलेजच्या ग्रुपवर हा वाद मेस्सी-रोनाल्डोच्या वादाइतकाच हिरिरीने चालतो. मोबाइलवर दोन्ही गेम फुकट मिळतात आणि दोन्हींत खरे खेळाडू आहेत. तरी दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे आणि पैसे काढून घेण्याची पद्धतही वेगळी आहे. म्हणून ‘कोणता भारी’ हे ठरवताना ग्राफिक्सच्या पलीकडे पाहायला हवे.

ही स्पर्धा कधीपासूनची?

ईएचा पहिला ‘फिफा इंटरनॅशनल सॉकर’ १९९३च्या अखेरीस आला. जपानच्या कोनामीने त्याच दशकात ‘विनिंग इलेव्हन’ ही मालिका उभी केली. २००१पासून जपानबाहेर बऱ्याच देशांत ती ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’ म्हणजे आपल्याकडच्या बोलीत ‘पेस’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

प्लेस्टेशन २च्या काळात वाटणी सरळ होती. फिफाकडे नावे होती, पेसकडे खेळ होता. परवाना नसल्यामुळे पेसमध्ये मँचेस्टर युनायटेडचे नाव ‘मॅन रेड’ आणि लिव्हरपूलचे ‘मर्सीसाइड रेड’ असे असायचे. तरीही चेंडूची उसळी, पासचा वेग आणि बचाव फोडायला लागणारा संयम यांसाठी लोक पेसच खेळायचे.

पुढच्या पिढीच्या कन्सोलवर बाजी पलटली. पेस २००८ अडखळला. ईएने मात्र फिफा १०मध्ये चेंडू कोणत्याही दिशेला वळवण्याची मोकळीक दिली आणि फिफा १२मध्ये बचावाची पद्धत बदलली. नावे आणि खेळ दोन्ही एकाच बाजूला गेल्यावर पेस मागे पडत गेला.

मग ‘फिफा’ हे नाव कुठे गेले?

अनेकांचा अजून समज आहे की फिफा बंद झाला. तसे नाही. फिफा ही जागतिक फुटबॉलची संघटना. ईए तिचे नाव भाड्याने वापरत होती. मे २०२२मध्ये दोघांनी वेगळे होत असल्याचे जाहीर केले. फिफाला दर चार वर्षांसाठी १ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम हवी होती, असे वृत्त ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२१मध्ये दिले होते. सप्टेंबर २०२२मध्ये आलेला फिफा २३ हा जुन्या नावाचा शेवटचा भाग ठरला. सप्टेंबर २०२३पासून तोच गेम ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झाला.

नाव गेले, पण संघ गेले नाहीत. कारण क्लब, लीग आणि खेळाडू यांचे परवाने वेगवेगळे असतात. खेळाडूंची नावे आणि चेहरे वापरण्याचा करार प्रामुख्याने खेळाडूंच्या ‘फिफप्रो’ या संघटनेशी होतो, प्रीमियर लीगचा तिच्याशी, चॅम्पियन्स लीगचा युएफाशी. यातले काहीच फिफाच्या हातात नाही. त्यामुळे एफसी २४ आला तेव्हा १९ हजारांहून अधिक खेळाडू आणि ७००हून अधिक संघ असल्याचे ईएने सांगितले. फिफाने नेले ते स्वतःचे नाव आणि विश्वचषक.

पुढची गंमत अशी की, ऑक्टोबर २०२४मध्ये फिफाने आपल्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकासाठी कोनामीशी हात मिळवला. तीस वर्षे ज्या नावाशी कोनामीने झुंज दिली, ते नाव आता तिच्या गेमच्या स्पर्धेवर झळकते.

परवान्यांमुळे खेळणाऱ्याला काय फरक पडतो?

फरक पडतो, पण वाटतो तितका नाही. २०१९मध्ये कोनामीने युव्हेंटसशी खास करार केला आणि फिफा २०मध्ये रोनाल्डो चक्क ‘पिएमोंटे काल्चो’ नावाच्या संघातून खेळू लागला. एफसी २५मध्ये एसी मिलान ‘मिलानो एफसी’ झाला आणि इंटर ‘लोम्बार्डिया एफसी’. चॅम्पियन्स लीगचा परवाना दहा वर्षे कोनामीकडे होता; २०१८मध्ये तो ईएकडे गेला. म्हणजे आज ज्या संघासाठी गेम निवडाल, तो पुढच्या वर्षी टोपणनावाने दिसू शकतो.

जुन्या पेसने यावर उपाय दिला होता : एडिट मोड. संघाचे नाव, जर्सी, चिन्ह, खेळाडू सगळे स्वतः बदलता यायचे. कोल्हापूरसारख्या शहरात या सोयीचे मोल वेगळे आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्यासाठी घसा कोरडा करणाऱ्यांचा संघ कोणतीही कंपनी परवाना घेऊन आणणार नाही. तो स्वतःच बनवावा लागतो. ईएच्या मुख्य गेममध्ये फिफा २२पासून करिअर मोडमध्ये स्वतःचा क्लब काढता येतो. उलट २०२१मध्ये ईफुटबॉल आला, तेव्हा कोनामीने एडिट मोड आणि लोकप्रिय ‘मास्टर लीग’ दोन्ही बाहेर ठेवले होते. जी कंपनी या सोयींसाठी ओळखली जायची, तिनेच त्या सोडून सुरुवात केली.

भारतीय फुटबॉलपुरते बोलायचे तर श्रेय ईएला द्यावे लागेल. फिफा २२मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि मुंबई सिटी, एफसी गोवा हे संघ पडद्यावर दिसले. हांगझोऊ एशियाडमध्ये २०२३मध्ये ई-स्पोर्ट्सला पहिल्यांदा अधिकृत पदके मिळाली. त्यातही ईएचा ‘एफसी ऑनलाइन’ होता आणि भारताचे खेळाडू त्यात उतरले होते.

मैदानावर कोण सरस?

ईएचा भर हालचालींवर आहे. फिफा २२पासून ‘हायपरमोशन’ तंत्र आले : व्यावसायिक खेळाडूंना सेन्सर लावलेले पोशाख घालून पूर्ण ११ विरुद्ध ११ सामना खेळवला गेला आणि त्या नोंदींवरून पडद्यावरचे खेळाडू पळू लागले. एफसी २४मध्ये खऱ्या सामन्यांच्या चित्रीकरणातून त्रिमितीय नोंदी घेतल्या गेल्या. परिणाम देखणा आहे. पण ऑनलाइन सामन्यांत वेगवान विंगर आणि ठरावीक युक्त्या यांचीच चलती असते, ही तक्रार जुनी आहे. एफसी २६मध्ये ईएने ‘कॉम्पिटिटिव्ह’ आणि ‘ऑथेंटिक’ असे दोन वेगळे प्रकारच दिले. ऑनलाइन रंगणारा खेळ आणि खऱ्या सामन्यासारखा वाटणारा खेळ एकाच साच्यात बसत नाहीत, याची ही कबुलीच म्हणायची.

ईफुटबॉलची सुरुवात फसली होती. सप्टेंबर २०२१मध्ये तो अर्धवट अवस्थेत आला, खेळाडूंचे विद्रूप झालेले चेहरे समाजमाध्यमांवर फिरले, स्टीमवर तो सर्वात वाईट अभिप्राय मिळालेल्या गेममध्ये जाऊन बसला आणि कोनामीला माफी मागावी लागली. एप्रिल २०२२मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून गाडी रुळावर आली. चेंडू पायाला चिकटलेला न वाटणे, पास देताना अंग कोणत्या दिशेला आहे याचा परिणाम होणे, हे पेसचे जुने गुण त्यात टिकून आहेत.

मोबाइलवर फरक आणखी ठळक होतो. एफसी मोबाइलमध्ये पूर्ण सामन्याबरोबर ‘व्हीएस अटॅक’ हा लोकप्रिय प्रकार आहे : दोघांनी आपापल्या वाट्याच्या गोलसंधी खेळायच्या, ज्याचे गोल जास्त तो विजयी. लोकलमध्ये दोन स्थानकांच्या मध्ये उरकणारा हा खेळ आहे. ईफुटबॉलचा जीव मात्र पूर्ण सामन्यात आहे. बचाव करावा लागतो, आघाडी राखावी लागते, शेवटच्या मिनिटात कॉर्नर द्यायचा की नाही हे ठरवावे लागते. फुटबॉलमधला ताण इथेच असतो.

पॅकचे गणित काय?

दोन्ही कंपन्यांची खरी कमाई गेमच्या किमतीत नाही, खेळाडूंच्या कार्डांत आहे. ईएने २००९मध्ये ‘अल्टिमेट टीम’ सुरू केली. २०२०-२१ या आर्थिक वर्षात तिच्या सर्व क्रीडा गेममधील अल्टिमेट टीमची कमाई १.६२ अब्ज डॉलर होती, म्हणजे कंपनीच्या एकूण महसुलाच्या चतुर्थांशाहून जास्त. पैसे देऊन पॅक घ्यायचा. आत कोण निघेल ते नशीब. बेल्जियमने २०१८मध्ये हा जुगार ठरवला आणि जानेवारी २०१९मध्ये ईएने तिथे फिफा पॉइंट्सची विक्री थांबवली. नेदरलँड्समध्ये झालेला १ कोटी युरोचा दंड मात्र मार्च २०२२मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द केला. म्हणजे कायद्याचेही एकमत नाही.

गणितात मात्र मतभेद नसतात. समजा, एका पॅकमध्ये हवे ते कार्ड निघण्याची शक्यता १ टक्का आहे. ‘शंभर पॅक घेतले की एक मिळणारच’ असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक पॅक स्वतंत्र असतो. शंभर पॅक घेऊनही ते कार्ड एकदा तरी मिळण्याची शक्यता सुमारे ६३ टक्केच भरते. शंभर जणांनी शंभर-शंभर पॅक घेतले, तर साधारण ३७ जण हात हलवत परततील.

कोनामीची जुनी पद्धत पेटीसारखी आहे : निघालेले कार्ड परत पेटीत जात नाही. समजा, १५० कार्डांत ३ दुर्मीळ आहेत. दहा वेळा हात घातला, तर तिघांपैकी एक तरी मिळण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. नेमका हवा तोच मिळण्याची ७ टक्क्यांहून कमी. अर्धी पेटी संपवल्यावरही तुमच्या आवडत्या खेळाडूसाठी शक्यता ५० टक्केच. इथे शेवट दिसतो, एवढाच दिलासा. आणि शेवट दिसतो म्हणूनच ‘आता थोडीच उरली’ म्हणत माणूस पैसे टाकत राहतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. कन्सोल आणि पीसीवरच्या एफसीमध्ये जमवलेला अल्टिमेट टीम संघ पुढच्या वर्षीच्या गेममध्ये येत नाही. सप्टेंबर आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. ईफुटबॉल दरवर्षी नव्याने विकत घ्यावा लागत नाही, तोच अद्ययावत होतो आणि कार्डे साधारणपणे टिकतात. पण हा गेम ऑनलाइन सेवेवर उभा आहे. ती थांबली की कार्डे गेली. ईएने एफसी २४च्या तोंडावर फिफा २३सह मागचे अनेक भाग ऑनलाइन दुकानांतून हटवले होते. पैसे कुठेही मोजा, मालकी तुमची नसते.

भारतात ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. पॅकमधून रोख रक्कम नव्हे, कार्ड मिळते. त्यामुळे हा प्रश्न कायद्यापेक्षा घरातच सोडवावा लागतो. मूल पालकांच्या फोनवर खेळत असेल, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल अशी सोय आहे. आयफोनवर मुलांच्या खात्यासाठी पालकांची परवानगी मागणारी सोय आहे. आजच ती सुरू करा.

मग निवड कोणाची?

घरी कन्सोल किंवा चांगला पीसी असेल, वर्षाला काही हजार रुपये मोजण्याची तयारी असेल आणि एकट्याने करिअर मोड खेळायचा असेल, तर एफसी घ्या. लीग, मैदाने आणि समालोचन यांत ईएला आज तोड नाही. फक्त अल्टिमेट टीमच्या दुकानाकडे फिरकू नका.

पण आपल्यापैकी बहुतेकांचे मैदान सहा इंचांचे आहे. तिथे आमची पसंती ईफुटबॉलला आहे. त्याची कारणे तीन. एक, तो पूर्ण सामना खेळवतो. बचाव न करता फुटबॉल येत नाही. दोन, साधारण खेळाडूंचा संघ घेऊनही नेमक्या पासच्या जोरावर महागडा संघ हरवता येतो. दरवेळी नाही, पण पुरेशा वेळा. तीन, आज खेळून जमवलेला संघ पुढच्या मोसमात वाया जात नाही.

या पसंतीला एक अट आहे : कॉइन विकत घ्यायचे नाहीत. रोज खेळून, गेममधली उद्दिष्टे पूर्ण करून जे मिळते त्यात संघ बांधायचा. तसे जमत नसेल, पराभव झाला की बोट आपोआप खरेदीच्या बटणाकडे जात असेल, तर दोन्हींपैकी कोणताही गेम तुमच्यासाठी फुकट नाही.

कोनामीलाही एक मागणी करायला हवी. फोनवर ऑफलाइन खेळता येणारी, पॅकशिवायची मास्टर लीग द्या आणि त्यासाठी एकदाच सरळ किंमत लावा. त्या एका मोडसाठी आनंदाने पैसे मोजणारी पेसच्या काळातली पिढी आता कमावती झाली आहे.