आधी अंदाज, मग पाणी

सात-आठ वर्षांच्या मुलांना वर्गात प्रयोग करू द्या म्हटलं की आक्षेप ठरलेले असतात, शाळा झाशीची असो की जळगावची. आधी धड वाचता येऊ दे, विज्ञान कुठे पळून जातंय? प्रयोगशाळा कुठे आहे? पन्नास पोरं एकदम उठली तर आवरायची कोणी? आणि पोर्शन?

प्रयोगशाळेचा आक्षेप सगळ्यांत लंगडा. एप्रिलअखेरीस झाशीत पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. दोन सारख्या बाटल्यांत सारखंच पाणी भरा, एकीला ओलं फडकं गुंडाळा, दुसरीला कोरडं. दोन्ही सावलीत, वारा लागेल अशा ठेवा आणि तासाभराने मुलांना हात लावून सांगू द्या. माठ पाणी गार कसं करतो हे झाशीइतकं ठळक मुंबईच्या दमट हवेत दिसणार नाही. किंवा झाशीच्या किल्ल्याच्या टेकडीवर मिळतो तसा ग्रॅनाइटचा तुकडा घ्या आणि सोबत एक भाजकी वीट. पाण्यात सोडल्यावर बुडबुडे कशातून येतील? हे आधी विचारायचं, प्रत्येकाकडून उत्तर घ्यायचं, मगच पाणी.

वाचनाच्या आक्षेपात तथ्य आहे. तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्कं व्हावं म्हणून २०२१पासून ‘निपुण भारत’ अभियान चालू आहे. ते व्हायलाच हवं. पण विटेतून बुडबुडे आले आणि दगडातून आले नाहीत, हे मूल तावातावाने सांगतं तेव्हा ते भाषाच शिकत असतं. तेच फळ्यावर लिहा, वाचायला द्या, धडा तयार. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्या वस्तूंनाच शिकवण्याचं साधन केलं. अक्षरं येईपर्यंत थांबा, असं त्यांनी मुलांना सांगितलं नाही.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे. २००४ साली अमेरिकेत क्लार आणि निगम या संशोधकांनी तिसरी-चौथीच्या मुलांना उतारावरून चेंडू सोडायला देऊन पाहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलून तुलना करायची, हे ज्यांना समजावून सांगितलं त्यांपैकी ७७ टक्के मुलांना ते साधलं. ज्यांना मोकळं सोडलं त्यांपैकी २३ टक्क्यांनाच. विरोधक हा दाखला आनंदाने पुढे करतात. पण उतार आणि चेंडू दोन्ही गटांपुढे होतेच. हरलं ते मुलांना वाऱ्यावर सोडणं. वस्तू हाताळणं हरलं, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

त्या दाखल्याचा फटका खरं तर प्रयोगांच्या हौशी समर्थकांना बसतो. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतून ज्वालामुखी फेसाळवायचा, टाळ्या, फोटो, संपलं. मुलाने अंदाज बांधला नाही, काही बदलून पाहिलं नाही. याला विज्ञान म्हणायचं तर फुलबाजीलाही म्हणावं लागेल.

आता गोंगाट आणि पोर्शन. झाशीहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, भोपाळच्या पुढे होशंगाबाद लागतं. आता त्याचं नाव नर्मदापुरम. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी १९७२मध्ये त्या जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८पासून जिल्ह्यातल्या सगळ्या उच्च प्राथमिक शाळा त्यात आल्या, पुढे ‘एकलव्य’ संस्थेने ते काम सांभाळलं. मुलं सहावी ते आठवीची, म्हणजे आपल्या मुलांपेक्षा मोठी. पण शाळा साध्या आणि वर्ग भरगच्चच. चार-चार जणांच्या टोळ्या करायच्या. तिथेच अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने जोडून दाखवल्या: चौकोन लचकतो, त्रिकोण लचकत नाही. हे पहिलीच्या पोरालाही बोटांनी कळतं.

होशंगाबादकरांनी परीक्षाही बदलली होती: पुस्तक उघडून लिहायची, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही. शिकवायचं हाताने आणि तपासायचं घोकलेलं, हा दुटप्पीपणा त्यांनी टाळला. २००२मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो कार्यक्रम बंद केला. शिक्षकांची शिबिरं आणि दरमहा बैठका हा त्याचा कणा होता. तिथे शिक्षक आधी स्वतः प्रयोग करून, चुकून, भांडून बघत. पहिली-दुसरीला तर बोर्डाच्या परीक्षेचा धाकही नाही. तिथे पोर्शनची सबब सांगणाऱ्या अधिकाऱ्यांनी असं शिबिर शेवटचं कधी भरवलं, ते आधी सांगावं.