चालते आहे ना!

मराठी माणसाच्या तोंडचे सर्वांत घातक वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन: ‘चालते आहे ना? मग राहू द्या!’ या एका वाक्याने आमचे जितके पूल, जितके पंप आणि शाळांची जितकी छपरे खाल्ली, तितकी वाळवीनेही खाल्ली नसतील. आता हे वाक्य संगणकाच्या पाठीस लागले आहे. दिवाळीच्या पहाटे आपण कारीट फोडून त्याचा कडूपणा जिभेला लावतो आणि मगच फराळाकडे वळतो. वाचकांनी हा लेख त्या कारिटाच्या जागी समजावा. प्रश्न संगणकवाल्यांचा नाही, तुमच्या-आमच्या पासबुकाचा आहे.

मी दिघीचा. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी, जंजिऱ्याच्या शेजारी हे आमचे बंदर. पलीकडच्या तीरावर आगरदांडा. पंचक्रोशीतल्या लहानसहान संस्थांचे संगणक सांभाळणे हा माझा धंदा. यांतली बरीचशी यंत्रे लिनक्सवर चालतात. लिनक्स हे नाव ऐकून आजीबाईंनी पान उलटू नये. त्यांच्या नातवाच्या हातात अँड्रॉइडचा फोन असेल, तर त्याच्या पोटातही लिनक्सच बसले आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ते लिहावयास घेतले आणि जगाला वाटून टाकले. कोणीही घ्यावे, वाचावे, चूक दिसली तर दुरुस्त करावी. तेव्हापासून हजारो माणसे ते दुरुस्त करीत आहेत, आणि दुरुस्ती संपलेली नाही. ती संपावयाचीच नाही, हे आमच्या संचालक मंडळींच्या गळी उतरत नाही.

दर आठवड्या-पंधरवड्याला या यंत्रांसाठी नवी दुरुस्ती येते. तिच्या कपाळी बहुधा एकच ओळ असते: ‘दोष दुरुस्त केले, काही सुधारणा केल्या.’ इतकी अरसिक ओळ दुसऱ्या कोणत्या वाङ्मयात असेल असे वाटत नाही. पण तिच्या खालची यादी वाचावी. वीज जाऊन आली की यंत्र जाळ्याला जोडले जाई, परंतु पत्ते विचारावयाचे कोणाला हे विसरे. ते आता विसरणार नाही. नोंदवही फुगत फुगत सारी जागा खाऊन टाकी. आता तिला आवर घातला आहे. परक्या माणसाने विशिष्ट तऱ्हेने दार खटखटवले तर ते उघडे. आता उघडणार नाही. ज्या गावी पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा जाते, त्या गावाला यांतली पहिली ओळ किती मोलाची, हे मुंबईत बसून समजणे कठीण.

अशा दुरुस्तीला इंग्रजीत पॅच म्हणतात, म्हणजे ठिगळ. घोटाळा बहुधा या शब्दातच असावा. ठिगळ म्हटले की आम्हाला दारिद्र्य आठवते. मी त्याला शाकारणी म्हणतो. मे महिन्यात कोकणातला माणूस छपरावर चढतो तो घर पडले म्हणून नव्हे. फुटलेले कौल बदलतो, सरकलेले सारखे करतो आणि खाली उतरतो. खाडीतल्या होड्याही जूनच्या आत वर ओढून शाकारतात, फळी न् फळी ठोकून पाहतात, फटी बुजवतात. नारळी पौर्णिमा झाली की त्याच होड्या पुन्हा पाण्यात. ‘गेल्या साली बुडली नाही, मग यंदा कशाला पाहावयाची?’ असे म्हणणारा कोळी मला अजून भेटावयाचा आहे. (३ जून २०२० च्या निसर्ग वादळात शाकारलेली घरेही उडाली, हे मला ठाऊक आहे. वादळापुढे कोणाचे काय चालते? पण दर साली येतो तो पाऊस असतो, आणि घरे बहुधा त्यानेच कुजतात.)

तोच कोळी संस्थेचा संचालक होऊन खुर्चीवर बसला की त्याची बुद्धी कोठे जाते, हे कोडे मला सुटलेले नाही. एका पतसंस्थेची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण अशा संस्था गावोगाव आहेत. तिचा मुख्य संगणक सेंटॉस नावाच्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीवर चालतो. या आवृत्तीची दुरुस्ती करणाऱ्यांनी पुष्कळ आधी जाहीर करून ३० जून २०२४ रोजी काम थांबवले. यंत्र त्या रात्री बंद पडले नाही. दुसऱ्या दिवशीही ते चालू होते, आजही आहे. आणि हीच तर अडचण आहे! बंद पडते तर तासाभरात दुरुस्तीचा ठराव झाला असता. मी देखभालीच्या खर्चाची बाब मांडली, तेव्हा अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, “भाऊ, चालतंय ना ते? मग कशाला हात लावताय?” दुसरे एक संचालक म्हणाले, “लिनक्स फुकट असते म्हणून तुम्हीच सांगितलेत. मग हे पैसे कसले?” बाब नामंजूर झाली. त्याच सभेत प्रवेशद्वारावर नवी कमान उभारावयाचे ठरले.

पाणवठाही फुकट असतो. पाणी भरणाऱ्या बाईला मजुरी द्यावी लागते, एवढेच माझे त्या संचालकांना उत्तर आहे.

विरोधकांपैकी एकाचा मुद्दा मात्र तोलामोलाचा होता. त्यांचा मुलगा पुण्यास संगणकाच्याच कामात आहे. त्याने सांगितले, की १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे ती मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, लिनक्सच्या ‘ओपनएसएसएच’ या भागात मोठा दोष जाहीर झाला. हा भाग म्हणजे दुरून यंत्रात शिरण्याचे दार. गंमत अशी, की हा दोष २००६ साली दुरुस्त झालेला होता. २०२० साली एका सुधारणेच्या भरात ती दुरुस्तीच पुसली गेली आणि दोष परत आला. आमच्या संस्थेचे दार त्याहून जुने असल्याने या तडाख्यातून सुटले. “पाहा,” संचालक म्हणाले, “जुने तेच बरे!” गोष्ट खरी आहे. त्या एका चोराजवळ आमच्या कुलपाची किल्ली नव्हती. पण त्यानंतर जे दोष उघडकीस आले आणि येतील, त्यांची यादी चोरही वाचतात. आणि आमच्या कुलपाला आता लोहारच उरलेला नाही.

दुसरा आक्षेप, की दुरुस्तीनेच यंत्र मोडते. हेही खोटे नाही. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. पण यातून निघणारा धडा ‘दुरुस्ती नको’ हा कसा? नवी दुरुस्ती आधी एका यंत्रावर लावून पाहावी, जुन्याची प्रत काढून ठेवावी, सोमवारी सकाळी दहाला न लावता शनिवारी रात्री लावावी. त्यासाठी माणूस लागतो, आणि माणसाला पगार लागतो. म्हणजे फिरून मी नामंजूर बाबीपाशीच आलो.

न केलेल्या दुरुस्तीची किंमत पाहण्यास विलायतेला जावे लागत नाही. आमच्याच रायगड जिल्ह्यात न्हावा-शेवाला २७ जून २०१७ रोजी एका मोठ्या विदेशी कंपनीच्या धक्क्यावरचे काम संगणकी विषाणूने ठप्प केले. कंटेनर उभे, ट्रक उभे. तो विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. पण पसरला तो पुष्कळसा विंडोजच्या ज्या भोकातून, त्याचे बूच १४ मार्चलाच प्रसिद्ध झाले होते. साडेतीन महिने ते पुष्कळांनी लावले नव्हते. शिवाय एक यंत्र पडले की त्यातले परवलीचे शब्द चोरून विषाणू बूच लावलेल्या शेजाऱ्यावरही चढे. त्या कंपनीला जगभरातली ४५ हजार यंत्रे नव्याने उभी करावी लागली.

लिनक्सवाल्यांनी यावर मिशा पिळू नयेत. लिनक्सच्या जगात ‘एक्सझेड’ नावाचे फायली आवळून लहान करणारे एक साधन आहे. ते फिनलंडमधला एक गृहस्थ जवळजवळ एकट्याने, बिनपगारी, वर्षानुवर्षे सांभाळीत होता. तो थकला. आपली तब्येत बरी नाही, हे त्याने लोकांना सांगितलेही. त्याच सुमारास काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे टुमणे लावले, की काम मंद आहे, दुसऱ्याला वाटा द्या. आणि मदतीला आलेला एक सज्जन मात्र मन लावून काम करीत राहिला. दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावल्यावर त्या सज्जनाने साधनात चोरदार बसवले. २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर झाले ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्याला खटकले आणि तो खणत गेला. अर्धा सेकंद! चोरदार तोवर फारसे पसरले नव्हते; पसरते, तर जगातल्या असंख्य यंत्रांची किल्ली एका अज्ञाताच्या हाती जाती.

मला या कथेत चोराइतकाच राग येतो तो त्या साधनावर धंदे उभारून थकलेल्या माणसाला एक कपडासुद्धा न देणाऱ्या श्रीमंत कंपन्यांचा. त्यांच्या कचेऱ्यांत आणि आमच्या पतसंस्थेच्या सभेत फरक फक्त वातानुकूलनाचा आहे. तेथेही कोणीतरी ‘चालते आहे ना’ म्हणालेच असणार.

आता आमच्या दिघीला मोठे दिवस येणार असे म्हणतात. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने बारा औद्योगिक नगरे मंजूर केली, त्यांत दिघीचे नाव आहे. आनंद आहे. तेथे पाण्याचा पंप, रस्त्यावरचा दिवा, बंदराचे फाटक, सारे संगणकाच्या जाळ्यावर चालेल. कोनशिला बसेल, नारळ फुटेल, फोटो छापून येतील. माझा प्रश्न एवढाच, की त्या जाळ्याच्या दुरुस्तीचे पैसे कोणत्या कलमाखाली धरले आहेत, आणि किती वर्षांचे? निविदेत यंत्रांच्या किमतीशेजारी देखभालीचा आकडा नसेल, तर ती निविदा संमत करू नये. दुरुस्ती लावल्याची तारीख दर महिन्याला फलकावर लागावी, जशी रेशन दुकानात साखरेची लागते. आणि ठेवीदारांनी आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत अल्पोपाहाराआधी उठून विचारावे, की आपल्या यंत्राला शेवटची शाकारणी केव्हा झाली?

आमच्या संस्थेचे नवे अंदाजपत्रक मार्चमध्ये होईल. तीच बाब मी त्याच शब्दांत पुन्हा मांडणार आहे. कमान आता बांधून झाली आहे, तेव्हा निदान ते निमित्त उरलेले नाही.