पुलाची ताकद वेल्डमध्ये

नाशिकच्या सिंहस्थातील पहिल्या अमृतस्नानासाठी २ ऑगस्ट २०२७ ही तारीख जाहीर झाली. ती समोर ठेवून शहरात रस्ते व पुलांची कामे हाती घेण्यात आली. मुदत कमी असली, की पोलादी गर्डरवर काँक्रीटचा स्लॅब ही संयुक्त पद्धत सोयीची वाटते. गर्डर कारखान्यातून तयार येतात, नदीपात्रात सेंट्रिंगचे जंगल उभारावे लागत नाही. मात्र या पद्धतीचा जीव एका लहानशा भागात असतो.

एकावर एक ठेवलेल्या दोन फळ्यांवर वजन दिले, तर त्या एकमेकींवरून सरकत वाकतात. त्याच पक्क्या जोडल्या, तर वाक एक चतुर्थांशावर येतो. पुलात हे काम गर्डरच्या माथ्यावर वेल्ड करून स्लॅबमध्ये गाडलेले स्टड, म्हणजेच शिअर कनेक्टर, करतात. २२ मिलिमीटर व्यासाचा स्टड चांगल्या काँक्रीटमध्ये सुमारे ११ टन आडवा भार पेलतो, असे संहितेच्या सूत्रांवरून निघते. स्टडची ताकद आणि भोवतालच्या काँक्रीटची ताकद यांपैकी जी कमी, तीच हिशेबात धरायची. निकृष्ट काँक्रीट ओतल्यास उत्तम पोलादही व्यर्थ जाते.

तरीही या ११ टनांवर विसंबणे धोक्याचे. वाहनांच्या अखंड वर्दळीने स्टडचा वेल्ड थकतो. युरोपीय संहितेनुसार २० लाख आवर्तनांसाठी याच स्टडवरील भाराचा चढउतार सुमारे साडेतीन टनांच्या आत ठेवावा लागतो. दिवसाला हजार जड वाहने धरली, तर हा आकडा साडेपाच वर्षांत गाठला जातो. इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी २२’ संहिताही थकव्याचा स्वतंत्र हिशेब मागते.

कागदावरचे गणित बहुधा चुकत नाही. चूक होते ती जागेवर. गर्डरच्या माथ्यावर गंज, रंग किंवा ओल राहिली, तर वेल्ड कच्चा राहतो. नाशिकच्या पावसाळ्यात ओल टाळणे सोपे नाही. वेल्डचा कडा भोवताली पूर्ण उमटला आहे का, हे पाहायचे आणि शंका आलेला स्टड हातोड्याने वाकवून तपासायचा, अशी साधी रीत आहे. परंतु ती स्लॅब ओतण्यापूर्वीच शक्य असते. एकदा काँक्रीट पडले, की स्टड पुन्हा डोळ्यांना दिसत नाही.

महाडजवळचा सावित्रीवरील दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. तो पूल वेगळ्या जातीचा होता, पण नुसत्या नजरेच्या पाहणीची मर्यादा तेथेही उघड झाली. संयुक्त पुलात तर मुख्य सांधाच दृष्टीआड असतो. स्लॅबच्या आदल्या दिवशी प्रत्येक गर्डरवरील स्टडची तपासणी कोणी केली, किती स्टड नाकारले, याची नोंद ठेवून ती जाहीर करण्याची अट निविदेतच घालता येते. त्यासाठी काम एखादा दिवस थांबवावे लागेल, एवढेच.