डुकरांची मोजदाद आणि पाळणाऱ्यांची वजाबाकी

डुकरांच्या आनुवंशिक विविधतेचे मोजमाप हा कष्टकऱ्यांच्या चळवळीचा विषय नव्हे, अशी समजूत पुरोगामी म्हणवणाऱ्या वर्तुळांतही रूढ आहे. गायबैलांच्या देशी वाणांसाठी ठराव होतात; डुकराचे नाव निघाले की सभेत हशा पिकतो. या हशाचे मूळ जातीच्या शिसारीत आहे. खुलताबाद तालुक्यातच मोडणाऱ्या वेरूळच्या 14 क्रमांकाच्या लेण्यात पृथ्वीला उचलून धरणारा वराह पाहायला दुनिया लोटते. जिवंत डुकरे पाळणाऱ्या कैकाडी-वडारांना मात्र गावाच्या कडेलाही धड थारा नसतो.

विविधता मोजण्याची रीत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परकी वाटू नये. एखाद्या जनुकाची जी निरनिराळी रूपे कळपात आढळतात, त्यांच्या हिश्श्यांचे वर्ग करून बेरीज घ्यावयाची आणि ती एकातून वजा करावयाची. उरते ती विविधता. हीच वर्गांची बेरीज उद्योगधंद्यांतील मक्तेदारी मोजण्यासाठीही वापरतात. चार कारखान्यांत बाजार सारखा वाटलेला असेल तर ती 0.25 भरते, एकाच मालकाच्या घशात सगळा बाजार गेला की 1. विविधता शून्यावर येणे म्हणजे एका जनुकरूपाची संपूर्ण मक्तेदारीच होय!

नुसती डोकी मोजून हे कळत नाही. 1 नर व 20 माद्यांचा कळप घ्या. पुढच्या पिढीची निम्मी जनुके त्या एकाच नराकडून येणार. सबब नर व माद्यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला एकूण संख्येने भागले, तर या 21 जनावरांची परिणामकारक संख्या जेमतेम 3.8 भरते, आणि दर पिढीला सुमारे 13 टक्के विविधता गळते. माद्या 2000 केल्या तरी हा आकडा 4 ओलांडत नाही. पैदासशास्त्र तर किमान 50 ची अपेक्षा धरते.

आता शासनाच्या ‘सुधारणे’कडे पाहावे. सरकारी प्रक्षेत्रांवरून लार्ज व्हाइट यॉर्कशायरसारखे विलायती नर वाटले जातात. वजन वाढते, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि गावठी डुक्कर उष्ट्याखरकट्यावर वाढते, तर विलायती जनावराला विकतचे खाद्य लागते. आणि मग धंदा खाद्य विकत घेऊ शकणाऱ्याच्याच हाती जातो. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1 कोटी 3 लाख डुकरे होती. 2019 मध्ये ती 90.6 लाखांवर आली. घट 12 टक्के. त्यासोबत किती कुटुंबांची चूल विझली, याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

रानडुकराची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 2005 साली ग्रेगर लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात जगभरच्या रानटी व पाळीव डुकरांच्या डीएनएची तुलना मांडली. डुक्कर एकाच ठिकाणी माणसाळले नाही, त्याची केंद्रे अनेक होती व भारतही त्यांपैकी एक असावा, असा तिचा निष्कर्ष होता. रान आणि गाव यांतील रेघ मुळातच पुसट आहे. कायद्याची रेघ मात्र ठसठशीत! 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, 2022 च्या दुरुस्तीनंतर, रानडुकराला दुसऱ्या अनुसूचीत संरक्षण देतो. म्हैसमाळच्या डोंगराखाली मका किंवा आले उकरले गेले, तर वन खात्याची भरपाई रानडुकराने केलेल्या नुकसानीला मिळते, गावडुकराने केलेल्या नव्हे. रानाच्या कडेला मोकाट चरणाऱ्या माद्यांचा रानातल्या नरांशी संकर होतो; मग खुराच्या ठशावरून कोणता पंच निवाडा करणार? संशय अखेर कैकाड्याच्या कळपावर जातो, आणि दोन कष्टकरी एकमेकांच्या अंगावर धावतात. (त्या कैकाड्याची शासकीय ओळखही सीमेवर बदलते: विदर्भाच्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जाती, मराठवाड्यात विमुक्त जाती.) रानटी व पाळीव रक्ताची सरमिसळ कोठे व किती झाली, हे जनुकांच्या तपासणीतून ठरवता येते. ही तपासणी म्हणजे विद्यापीठीय चैन होय, असे म्हणणाऱ्यांनी त्या बांधावर जाऊन बोलावे.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने गोव्याच्या आगोंदा आणि बंगालच्या घुंगरू डुकरांना स्वतंत्र वाण म्हणून मान्यता दिली, हे स्वागतार्हच आहे. परंतु असे वाण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी निवडून, जगवून टिकवले, त्यांच्या श्रमाला त्या नोंदणीत मोल किती? 2002 च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्या व लोक जैवविविधता नोंदवह्या दिल्या आहेत. खुलताबाद तालुक्यातील कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतींत जाऊन त्या वह्या उघडायला लावाव्यात, गावठी डुकरांची नोंद पाळणाऱ्यांच्या संमतीने व त्यांच्या माहितीच्या श्रेयासह करवून घ्यावी, आणि नमुने घेणाऱ्या संस्थांकडून निष्कर्ष वस्तीवर येऊन मराठीत सांगण्याचे लेखी वचन घ्यावे. मोकाट डुकरे पकडण्याचे ठेके देण्यापूर्वी ही मोजणी व्हावी, असा ठराव नगरपरिषदेपुढे आणणेही अवघड नाही.