मोठ्या मूळ संख्येला बँकेत नोकरी लावू नका

ऑक्टोबर २०२४मध्ये तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या जाहीर झाली: २चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १. एकूण अंक ४,१०,२४,३२०. लगेच प्रश्न आला, उपयोग काय? आणि ठरलेलं उत्तर: ‘बँकेचे व्यवहार सुरक्षित होतात.’

माझा राग प्रश्नावर नाही, या उत्तरावर आहे. आरएसए कुलपाला तीनेकशे अंकी मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त लागतात. जगजाहीर संख्या वापरणं म्हणजे किल्ली दारालाच टांगून गावाला जाणं.

शतकाचा उपयोग कोणी विचारतं का?

सांगायचंच तर लुका-लेहमर चाचणी सांगा. ३१ घ्या, म्हणजे २चा ५वा घात वजा १. ४पासून सुरुवात: वर्ग करा, २ वजा करा, ३१ने भागून बाकी ठेवा. घातांकाहून दोन कमी, म्हणजे तीन वेळा. १४, ८, ०. शेवटी शून्य, म्हणून मूळ! एकही विभाजक शोधला नाही. त्या चार कोटी अंकांच्या राक्षसालाही याच चाचणीने पक्कं केलं.

आता १२७ करून बघा. घातांक ७, पाच वेळा. कॅल्क्युलेटर हातातच आहे.