चालयंत्राच्या कैवाऱ्यांस उत्तर

आभासी वास्तवाच्या खेळांत डोळे आणि कान कितीही दूर गेले तरी पाय दिवाणखान्यातच राहतात, ही उणीव भरून काढण्याकरिता गेल्या दशकात नाना प्रकारच्या ट्रेडमिली बाजारात आल्या. आणि त्यांच्यावाचून हा खेळच अपुरा, असे आग्रहाने प्रतिपादन करणारा एक पक्षही उभा राहिला. त्या पक्षाची कैफियत थोडक्यात अशी : चालणे ही मनुष्याची स्वाभाविक गती असल्यामुळे पायांनी चालले की भास दृढ होतो; कंट्रोलरच्या कळीने पुढे सरकताना होणारी मळमळ थांबते; आणि चार हात जागेत अमर्याद भूमी हिंडावयास मिळते. तिन्ही मुद्दे सकृद्दर्शनी बिनतोड वाटतात, म्हणूनच त्यांची छाननी अगत्याची आहे.

पहिल्या मुद्द्यास शास्त्राचा आधार आहे, हे मान्य. 1999 साली मार्टिन उसोह व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कळ दाबून तरंगत जाणाऱ्यांपेक्षा स्वतः चालणाऱ्यांना आभासी स्थळी आपण असल्याचा प्रत्यय अधिक आला. परंतु ती माणसे सपाट जमिनीवर चालत होती. अमेरिकेतील व्हर्च्युइक्स कंपनीच्या ऑम्नी यंत्रात मात्र खेळाडू निसरड्या, खोलगट तबकात खास बूट घालून उभा राहतो. कमरेभोवतीच्या कड्यावर भार देऊन पुढे झुकतो. आणि टाकलेले पाऊल उतारावरून घसरत पुन्हा मध्याशी येते. ज्या पावलावर शरीराचा तोल सांभाळावयाचा तेच निसटते असल्याने, जन्मापासून अंगवळणी पडलेली चाल विसरून दुसरीच चाल शिकावी लागते. चालण्याचे पुण्य अशा रीतीने घसरण्याच्या खाती जमा करणे, हा हेत्वाभास होय. शिवाय भिंतीआड दबा धरण्यास खाली बसावे तर कडे आडवे येते, आणि कमरेचे शस्त्र काढावयास हात नेला तर तो त्याच कड्यावर आदळतो.

मळमळीचे म्हणाल, तर तिचे मूळ डोळे आणि अंतर्कर्ण यांच्या विसंवादात आहे. डोळे म्हणतात वेग वाढला. पण शरीर जागीच जखडलेले असल्याने त्या वाढीची वर्दी अंतर्कर्णास मिळतच नाही. पायांच्या हालचालीने काहींना थोडा दिलासा मिळत असेल, तथापि विसंवाद मिटत नाही. सरकत्या पट्ट्यांच्या यंत्रांत तर खेळाडूस मध्यभागी राखण्यासाठी पट्टाच त्याला मागे ओढतो. ही ओढ जाणवू नये एवढी मंद ठेवावयाची तर जागा वाढवावी लागते. जर्मनीत ट्यूबिंगन येथे सायबरवॉक नावाचे असे यंत्र उभारले गेले, तेव्हा नुसता चालण्याचा भागच 4 मीटर लांब आणि तितकाच रुंद ठेवावा लागला. एवढे यंत्र कोणत्या घरात मावणार?

जागेच्या आणि खर्चाच्या बाबतीत तर निर्मात्यांचाच दाखला पुरेसा आहे. ऑम्नीसाठी 2013 मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी 11 लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. परंतु 2016 च्या डिसेंबरात, सुमारे 80 किलो वजनाचे हे धूड परदेशी पाठविणे परवडत नाही म्हणून, अमेरिकेबाहेरील आश्रयदात्यांना माल न देता पैसे परत करण्याची पाळी कंपनीवर आली. पुढील ऑम्नी वन यंत्रात कड्याऐवजी पाठीमागून धरणारा दांडा आला, त्यामुळे खाली बसता येते, ही सुधारणा खरी. पण निसरडे तबक कायमच राहिले.

मग खेळाडूने काय करावे? आमचे मत असे की, शरीर यंत्राला जुळवून घेण्यापेक्षा खेळच खोलीला जुळवून घ्यावा. 2016 मध्ये आलेल्या व्हाइव्ह हेडसेटने दोन-अडीच मीटर मोकळ्या जागेत खरोखर पाऊल टाकण्याची, वाकण्याची आणि वळण्याची मुभा दिली. आणि त्या जागेपलीकडचा प्रवास ‘हाफ-लाइफ: अलिक्स’ (2020) या खेळात इच्छित स्थळी एकदम जाऊन उभे राहण्याच्या योजनेने साधता येतो. ही योजना अस्वाभाविक आहे, अशी फिर्याद होईल. होवो, पण ती आपण चालतो असा खोटा दावा करीत नाही, आणि दोन उड्यांमधील हालचाल मात्र अस्सल राहू देते.

ट्रेडमिल सर्वथा त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. जेथे प्रशस्त दालन आहे, पट्टे बांधून देणारा सेवक आहे आणि दर दहा मिनिटांनी नवे गिऱ्हाईक आहे, अशा व्यावसायिक क्रीडागृहात तिला अवश्य स्थान असावे. ऑम्नीच्या निर्मात्यांनीही पुढे तिकडेच मोर्चा वळविला होता. घरातल्या खेळाडूने मात्र या यंत्रासाठी राखून ठेवलेला पैसा आणि कोपरा दोन्ही वाचवावेत, आणि खोलीतले मेज बाजूला सारून तेवढी जमीन आपल्याच पायांस मोकळी करून द्यावी.